ठिगळाचे गणित



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्यिक येतात, इतिहासाचे अभ्यासक येतात, संतवाङ्मयाचे जाणकार येतात. कामगार चळवळीतला माणूस आला, तर तो पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलेल अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती रास्तही आहे. आज मात्र आम्ही विषय निवडला आहे तो तडा गेलेल्या पोलादी नळकांड्याचा, त्यावर लावायच्या ठिगळाचा, आणि ते ठिगळ टिकेल की नाही हे संगणकाकडून अगोदर ठरवून घेण्याच्या विद्येचा. चालकांनी विषय ऐकून विचारले की हा विषय इंजिनिअरिंग कॉलेजातला नव्हे काय? आमचे उत्तर असे की, तो कॉलेजातला आहेच. परंतु नळकांडे फुटते तेव्हा त्याच्याजवळ प्राध्यापक उभे नसतात, कामगार उभा असतो. म्हणून या विषयावर त्याचाही थोडा हक्क पोचतो.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते फिटरच्या हाताखाली आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आम्ही जे सांगू ते साध्या भाषेत सांगू. त्यात आकडे येतील. पण बाजारहिशेब ज्याला येतो त्याला ते समजतील अशी आमची खात्री आहे.

प्रथम हे पाहू की ही नळकांडी आहेत तरी कोठे. ती सगळीकडे आहेत. नांदेडची उस्मानशाही गिरणी चालू असलेली ज्यांनी पाहिली असे लोक अजून आपल्यात आहेत. गिरणी म्हटली की वाफ आली, वाफ म्हटली की बॉयलर आला, आणि बॉयलरचा पिंड म्हणजे एक मोठे नळकांडे. गिरणीचे दिवस गेले, पण साखर कारखान्यांत चिपाडावर पेटणारे बॉयलर आहेत. स्वयंपाकघरात गॅसची टाकी आहे. धरणापासून शहरापर्यंत पाण्याचे नळ जमिनीखालून आले आहेत. आणि लातूरकरांना तर नळकांड्याची थोरवी कोणी सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरच्या स्थानकात आली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मांजरा धरण कोरडे पडले असताना एका शहराचा जीव काही महिने पोलादी पत्र्याच्या गोल पिंपांत साठवून साडेतीनशे किलोमीटर आणला गेला. त्या पिंपाला शास्त्रात दंडगोल कवच म्हणतात. कवच हा शब्द फार चांगला आहे. आत जे आहे त्याला सांभाळणारे पातळ आवरण, ते कवच.

आता पिंप गोलच का करतात, चौकोनी का नाही? कारण आतला दाब सर्व दिशांना सारखा ढकलतो. चौकोनी पेटीच्या बाजू त्यामुळे फुगतात व वाकतात. गोल पिंपाचा पत्रा वाकत नाही, तो फक्त ताणला जातो. पोलाद ताण सोसण्यात पटाईत आहे. हा ताण किती, ते काढणे कठीण नाही. एक मीटर व्यासाचा, एक सेंटिमीटर जाड पत्र्याचा नळ घ्या. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो आहे असे धरा. या नळाचा एक सेंटिमीटर लांबीचा वळसा डोळ्यांपुढे आणा. आतला दाब त्या वळशाचे दोन अर्ध एकमेकांपासून १०० गुणिले १०, म्हणजे १,००० किलो जोराने दूर ढकलतो. त्यांना धरून ठेवणाऱ्या कडा दोन, प्रत्येकी एक चौरस सेंटिमीटरची. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला ५०० किलो ताण आला. हाच हिशेब लांबीच्या दिशेने केला, तर उत्तर बरोबर निम्मे, म्हणजे २५० येते. याचा अर्थ असा की नळ घेराच्या दिशेने दुप्पट ताणलेला असतो. म्हणूनच दाबाने नळ फुटतो तेव्हा तो बहुधा लांबीच्या दिशेने उभा चिरतो. साध्या पोलादाचा पत्रा कायमचा ताणला जाण्यापूर्वी २,५०० किलोपर्यंत सोसतो. आपल्या नळावर ५०० आहे. म्हणजे पाचपट सोय झाली. कोणी म्हणेल, आता काळजी कसली?

काळजी आहे ती चिरेची. आपण कापडाच्या दुकानात गेलात की दुकानदार कापड मोजतो, काठाला कात्रीने बोटभर काप देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. काप दिला नसता तर तेच कापड दोन माणसांनी ओढूनही फाटले नसते. कापामुळे सगळा जोर एका धाग्यावर येतो. तो तुटला की दुसऱ्यावर. पोलादाचेही तसेच आहे. पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. इंग्लिस नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली दाखविले की भोक लंबगोल असून ताणाला आडवे असेल आणि त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोकाशी ताण एकवीस पट होतो. चीर म्हणजे अतिशय चिंचोळे भोक. तेव्हा तिच्या टोकाशी काय होत असेल याची कल्पना करावी. पुढे ग्रिफिथ याने काचेवर प्रयोग करून १९२१ साली सांगितले की चीर एका ठरावीक लांबीपुढे गेली म्हणजे पत्र्यात साठलेली शक्तीच तिला पुढे ढकलते, बाहेरून अधिक जोर लागत नाही. त्यापूर्वी चीर हळूहळू सरकते, त्यानंतर ती धावते.

येथे एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. जुना फिटर चीर दिसली की तिच्या टोकाशी बरम्याने एक गोल भोक पाडतो. त्याने इंग्लिसचे नावही ऐकलेले नसते. परंतु टोकदार चिरेचे गोल भोक केले की ती थबकते, हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकविलेले असते. ग्रंथातले ज्ञान आणि हातातले ज्ञान एकाच जागी येऊन भेटते ते असे.

नळकांड्याच्या चिरेत आणखी एक वाईट खोड आहे. सपाट पत्र्यातील चीर नुसती उघडते. नळातली उभी चीर उघडतेही आणि तिचे काठ आतल्या दाबाने बाहेर फुगतातही, ओठ पुढे काढल्यासारखे. फोलिआस या गणितज्ञाने १९६० च्या दशकात याचे माप काढले. वर घेतलेल्या आपल्या नळाला चार सेंटिमीटरची चीर असेल तर ही फुगण्याची भर शेकडा सहाच्या आसपास आहे. दुर्लक्ष केले तरी चालेल. पण तीच चीर वीस सेंटिमीटर झाली की ती सपाट पत्र्यातल्या तेवढ्याच चिरेच्या दुप्पट घातक होते. म्हणून लहान चीर पाहून ज्याने मोठीचा अंदाज बांधला तो फसला.

जगाने हा धडा फार मोठ्या किमतीत घेतला आहे. कॉमेट नावाची ब्रिटिश जेट विमाने १९५४ च्या १० जानेवारीला आणि ८ एप्रिलला भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. विमानाचा सांगाडा म्हणजेही दाबाखालचे नळकांडे. तज्ज्ञांनी एक अख्खे विमान पाण्याच्या हौदात ठेवले आणि त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला व उतरविला. पूर्वीची उड्डाणे धरून सुमारे तीन हजार फेऱ्यांनंतर झरोक्याच्या कोपऱ्यातून चीर सुटली आणि कवच फाटले. एकदा सोसलेला दाब हजार वेळा सोसेलच असे नाही, हे त्या दिवसापासून सर्वांना कळले. हौदात पाणीच का घेतले, तेही ध्यानात घ्यावे. हवा दबते आणि फुटताना स्फोट होतो. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून फुटले तरी माणूस वाचतो. बॉयलरची चाचणी पाण्याच्या दाबाने करतात ती याच कारणाने.

आता ठिगळाकडे वळू. जुन्या काळी चिरेवर पोलादी पट्टी ठेवून रिबिटा मारीत. रिबिटीसाठी भोके पाडावी लागतात आणि प्रत्येक भोक म्हणजे नव्या चिरेचे माहेर. नंतर वेल्डिंग आले. ते उत्तम आहे, परंतु जेथे तेल किंवा गॅस वाहतो तेथे ठिणगी चालत नाही, आणि ज्या धातूला उष्णता सोसत नाही तो वेल्डिंगच्या कडेलाच ठिसूळ होतो. म्हणून तिसरा मार्ग निघाला तो धाग्यांच्या ठिगळाचा. काचेचे किंवा कार्बनचे बारीक धागे राळेत भिजवून थरावर थर चिकटवायचे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील वैमानिकी संशोधनशाळेत ॲलन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून बोरॉन धाग्यांची अशी ठिगळे लढाऊ विमानांच्या चिरांवर लावली. नंतर ती पद्धत तेलाच्या व पाण्याच्या नळांपर्यंत आली.

ही कल्पना मराठवाड्याला नवी नाही. आपल्या आज्या मातीत काड तुडवून भिंत लिंपीत. माती दाब सोसते, काड ताण सोसते. दोघे मिळून भेग पडू देत नाहीत. आणि गोधडी शिवताना एक थर उभा, एक थर आडवा घालतात, तो का, हे कोणत्याही आजीला विचारावे. धाग्याचा जोर धाग्याच्या दिशेनेच असतो. नळाची चीर उभी असेल तर धागे घेराच्या दिशेने हवेत, म्हणजे ते चिरेला आडवे पडून तिचे ओठ मिटलेले ठेवतील.

पण ठिगळ किती जाड हवे, किती रुंद हवे, धागा काचेचा की कार्बनचा? येथे संगणक येतो. त्याची पद्धत समजायला शंकरपाळ्यांचे उदाहरण पुरे. पोळी लाटून तिच्यावर उभ्याआडव्या रेघा मारल्या की लहान लहान तुकडे होतात. अख्खी पोळी ओढली तर ती कशी ताणली जाईल हे सांगणे कठीण; एक तुकडा कसा ताणला जाईल हे सांगणे सोपे. प्रत्येक तुकड्याचे कोपरे शेजारच्या तुकड्याच्या कोपऱ्यांना जोडलेले असतात, म्हणून एकाचे सरकणे दुसऱ्यावर अवलंबून राहते. अशी हजारो समीकरणे मांडायची आणि ती एकदम सोडवायची. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी १९५६ साली विमानाच्या बांधणीसाठी ही रीत मांडली आणि क्लफने १९६० मध्ये तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिले. त्याच १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशात घडविलेला टिफ्रॅक संगणक चालू झाला. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० बांधला. आज तशी समीकरणे विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतला विद्यार्थी आपल्या मांडीवरच्या संगणकावर सोडवू शकतो.

चिरेच्या नळाचे चित्र संगणकात असे रचतात. पत्र्याचे एक जाळे, ठिगळाचे दुसरे जाळे आणि दोघांच्या मध्ये चिकटवणीचा पातळ थर. चिरेच्या टोकाशी तुकडे फार बारीक घेतात, कारण खरी हकीकत तेथेच घडते. मग आतून दाब लावतात आणि टोकाशी किती तीव्रता येते ते मोजतात. या तीव्रतेचा आकडा वापरण्याची रीत अर्विन याने १९५७ मध्ये घालून दिली. पॅरिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने पुढे दाखविले की दाब चढतो-उतरतो तेव्हा चीर दर फेरीला किती सरकते, ते या तीव्रतेच्या चढउतारावर अवलंबून असते, आणि पोलादात ते साधारण तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे ठिगळाने तीव्रता निम्मी केली तर चिरेची चाल एक अष्टमांश होते. ठिगळाचा सगळा फायदा या एका वाक्यात आहे.

असे चित्र एकदा रचले की त्याला हवे ते प्रश्न विचारता येतात, आणि उत्तरे कधी कधी चकित करणारी येतात. काचेच्या धाग्याचे ठिगळ पत्र्याइतकेच जाड केले तरी, चिरेपासून दूर, ते एकूण ताणाचा आठवा हिस्सासुद्धा धड उचलीत नाही, कारण ते पोलादापेक्षा सहासातपट लवचीक असते. कार्बनचे ठिगळ असेल तर तेवढ्याच जाडीत चाळीस टक्क्यांच्या जवळपास भार घेते. दुसरे उत्तर असे की नुसती जाडी वाढवून भागत नाही; ठिगळाची कड एकदम संपली तर तेथूनच ते सुटू लागते, म्हणून कड पायऱ्यापायऱ्यांनी पातळ करावी. तिसरे असे की पोलाद उन्हात प्रसरण पावते, कार्बनचा धागा जवळजवळ पावत नाही. म्हणून मे महिन्यात नांदेडच्या उन्हात तापलेल्या उघड्या नळावर काहीही दाब नसताना चिकटवणीला ताण बसतो. थंड देशातले आकडे आपल्या उन्हाळ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

चौथे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते कारखान्याच्या मालकांना आवडत नाही. नळात पूर्ण दाब असताना ठिगळ चिकटविले तर पत्रा अगोदरच पूर्ण ताणलेला असतो. ठिगळ मात्र सैल असते. त्यानंतर दाब जेवढा अधिक वाढेल तेवढ्याचाच वाटा ते उचलील. दाब दहा आहे आणि तो आठवर असताना ठिगळ लावले, तर ते फक्त वरच्या दोनात भागीदार होते. दाब उतरवून लावले तरच पुऱ्या दहात भागीदार होते. दाब उतरविणे म्हणजे काम थांबविणे, काम थांबविणे म्हणजे नुकसान. संगणकाच्या पडद्यावर दाब शून्य करायला एक कळ पुरते. कारखान्यात तो शून्य करायला एका अधिकाऱ्याची सही लागते, आणि ती मिळत नाही.

आता आम्ही अशा एका ठिकाणी आलो आहोत की जेथे संगणक गप्प होतो. त्याला सांगितलेले असते की पत्रा स्वच्छ आहे आणि ठिगळ सर्वत्र घट्ट चिकटले आहे. ते तसे चिकटले आहे किंवा नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आणि कबूल करावे लागते की माणसालाही तो फारसा नाही. ठोकून आवाज घेतला, ध्वनिलहरींनी तपासले, तर मोठी पोकळी सापडते. पण दोन पृष्ठे एकमेकांना नुसती टेकलेली आहेत की खरोखर चिकटलेली, हे ती ओढून तोडल्याशिवाय खात्रीने सांगणारे यंत्र आजही नाही. म्हणजे ठिगळाचा सगळा भरवसा ते लावणाऱ्या हातावर येतो. गंज पुरता काढला का? पृष्ठ खरखरीत केले का? त्यावर ओल, तेल, बोटाचा घाम राहिला का? राळ आणि कडक करणारा द्रव योग्य मापात मिसळले का? राळ वाळायला सांगितलेले तास दिले का? यांतले एकही उत्तर पडद्यावर दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यात थंड पाण्याच्या नळाला चीर गेली. गुत्तेदाराच्या माणसांनी पावसाळ्याच्या रात्री, चालू दाबावर, तारेच्या ब्रशाने वरवर गंज खरवडून ठिगळ गुंडाळले. तीन आठवडे झाले नाहीत तोच त्याची कड उचलली आणि पाण्याच्या फवाऱ्याने एक हेल्पर शिडीवरून पडला. त्याचा हात मोडला. ठपका आला तो ठिगळ लावणाऱ्या पोरावर. कामात हयगय, असे कागदात लिहिले गेले. युनियनने मागणी केली की ज्या हिशेबावर ठिगळ मंजूर झाले तो हिशेब दाखवा. महिनाभर भांडून तो मिळाला आणि एका जाणत्या शिक्षकाने तो आम्हाला वाचून दाखविला. गणित बिनचूक होते. पहिल्याच पानावर दोन गृहीतके होती: पृष्ठ वाळूच्या माऱ्याने स्वच्छ केलेले आहे, आणि नळ दाबरहित आहे. दोन्ही खोटी होती. पोराला वाळूचा मारा करण्याचे यंत्र कोणी दिले नव्हते. दाब उतरविण्याचा अधिकार त्याच्याजवळ नव्हता. ते पान चौकशीत पुढे ठेवले तेव्हा ठपका मागे घ्यावा लागला. गणित शिकण्याचा कामगाराला काय उपयोग, असे आम्हाला जे विचारतात त्यांना आम्ही ते पान सांगतो.

ही गोष्ट लहान आहे. मोठी गोष्ट जपानची आहे. १९७८ मध्ये एका जंबो विमानाची शेपटी ओसाकाच्या धावपट्टीवर घासली आणि मागच्या बाजूचा, दाब अडविणारा घुमट दुखावला. दुरुस्तीत जोडपट्टी एकसंध बसवायची होती. ती दोन तुकड्यांत बसविली गेली. त्यामुळे रिबिटांच्या दोन ओळींनी उचलायचा भार एका ओळीवर आला. कागदावरचे चित्र बरोबर होते. विमान त्यानंतर बारा हजारांहून अधिक वेळा उडाले आणि १२ ऑगस्ट १९८५ रोजी तो घुमट फाटला. ५२४ माणसांपैकी ५२० दगावली. सात वर्षे ते ठिगळ दिवसेंदिवस कमी होत चालले होते आणि कोणाच्याही हिशेबात ते दिसत नव्हते.

आणि आपल्याला जपानपर्यंत जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते या सभागृहातील पुष्कळांनी पाहिले आहे. भूकंपात टिकणारी घरे कशी बांधावी याची संहिता भारतीय मानक संस्थेने १९६७ सालीच छापली होती. परंतु देशाच्या भूकंप-नकाशात आपला हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. हिशेब करणाऱ्यांचे गणित चुकले नव्हते. त्यांना दिलेली माहिती अपुरी होती. आणि जी विद्या छापलेली होती ती गवंड्याच्या हातापर्यंत पोचली नव्हती. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. अपुरी माहिती आणि न पोचलेली विद्या, या दोन गोष्टींनी मराठवाड्याचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही शत्रूने केले नसेल.

कोणी म्हणेल की मग संगणक नकोच, जुना उस्ताद बरा. आम्ही त्या मताचे नाही. गिरण्यांत नवे यंत्र आले की ते मोडावे असे म्हणणारे लोक आम्ही पाहिले. त्यातून कामगाराचे भले झाले नाही. संगणकाचे चित्र ही फार मोलाची वस्तू आहे. शंभर ठिगळे फोडून पाहण्याऐवजी शंभर ठिगळे पडद्यावर फोडता येतात आणि कोणाचा हात मोडत नाही. कोणते नळ आज बदलायचे, कोणते दोन वर्षे ठिगळावर चालतील, हे त्यावरून ठरविता येते. नगरपालिकेच्या तिजोरीच्या दृष्टीने आणि तहानलेल्या शहराच्या दृष्टीने ही लहान बाब नव्हे. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्या चित्रात ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात त्या खऱ्या करण्याची साधने ज्याच्या हाती नाहीत, त्याच्यावर उत्तर चुकल्याचा दोष टाकू नये.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. १९२३ मध्ये देशव्यापी कायदा आला आणि त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा आला. दुरुस्ती पात्र आणि जाणत्या माणसाकडूनच व्हावी, हे तत्त्व नव्या कायद्याने मानले आहे. येथे गैरसमज नको: धाग्यांचे ठिगळ बॉयलरच्या पिंडासाठी नाही. राळ तापली की मऊ पडते; वाफेच्या उष्णतेपुढे तिचा टिकाव लागत नाही. बॉयलरची दुरुस्ती पोलादानेच आणि निरीक्षकाच्या परवानगीनेच झाली पाहिजे. ठिगळ हे पाण्याच्या, तेलाच्या, गॅसच्या नळांसाठी आणि टाक्यांसाठी आहे. त्यासाठी आयएसओ २४८१७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ठिगळाचे आयुष्य किती वर्षांचे हे अगोदर ठरवावे आणि ते लावणाऱ्या कामगाराला शिकवून त्याची परीक्षा घ्यावी, असे त्यात सांगितलेले आहे. म्हणजे आम्ही जे मागतो ते काही युनियनच्या डोक्यातून निघालेले नाही.

आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, ज्या हिशेबावर ठिगळ लावायचे त्यातील गृहीतके मराठीत एका पानावर लिहून ती लावणाऱ्याच्या हाती द्यावीत. आणि त्यांपैकी एकही पाळता येत नसेल तर काम थांबविण्याचा अधिकार त्याला असावा. दुसरी, लावण्यापूर्वी पृष्ठाची स्थिती, हवेतील ओल, दाब आणि वेळ यांची नोंद त्याच्या सहीने व्हावी आणि ती नोंद हिशेब करणाऱ्याकडे परत जावी. तिसरी, ठिगळ लावणारा माणूस दर हंगामाला बदलणारा रोजंदार नसावा. ज्याच्या हाताला शिकविले तो हात कामावर टिकला पाहिजे. चौथी, त्याच्या शरीराचीही काळजी घ्यावी. राळेने त्वचेला कायमची ॲलर्जी होते, वाळूच्या माऱ्याच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात. हातमोजे आणि मुखवटा या चैनीच्या वस्तू नव्हेत.

नांदेड-लातूरच्या तरुण अभियंत्यांनाही एक विनंती आहे. आता लातूरला रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना झाला आहे; २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे पहिल्या डब्याचे कवच तयार झाले. कवचांची विद्या आपल्या दारात आली आहे. आपण पडद्यावर सुंदर रंगीत चित्रे काढता. लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे निर्धोक. ती चित्रे घेऊन एक दिवस कारखान्यात या. जो माणूस शिडीवर चढून गंज खरवडतो त्याला विचारा की तुमच्या चित्रात काय राहिले आहे. तो सांगेल की नळाची खालची बाजू हाताला लागत नाही, म्हणून तेथे ठिगळ नेहमी सैल बसते. ही गोष्ट आपल्या पुस्तकात सापडणार नाही. ती आपण जाळ्यात घाला आणि मग उत्तर काढा. आपले गणित त्याने खरे होईल आणि त्याचा हात शाबूत राहील.

इतर नागरिकांनी काय करावे? आपल्या गल्लीत जलवाहिनी फुटली की आपण रस्त्यावर वाहणारे पाणी पाहून हळहळतो आणि दुरुस्ती केव्हा होणार असे विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारीत जावा: दुरुस्ती कोण करणार आणि त्याला काय शिकविले आहे? हा प्रश्न चार सुजाण माणसे विचारू लागली, तर गुत्तेदाराला उत्तर तयार ठेवावे लागेल. पोलादाची चीर पत्र्याच्या आत वाढते, म्हणून ती लवकर दिसत नाही. जो काम करतो आणि जो हिशेब करतो त्यांच्यामधली चीर मात्र सर्वांना दिसत असते. ती बुजविण्याला राळही लागत नाही आणि धागाही लागत नाही. दोघांनी एका टेबलाशी बसावे लागते. ते टेबल मांडून देणे हे आपणा सर्वांचे काम आहे.